शिक्षा झाल्यावर एकाच मागणीचा अर्ज किती वेळा करायचा?

गोदाकाठची ताई | सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

माझा सख्खा धाकटा भाऊ नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात आहे. जन्मठेप. गुन्ह्याबद्दल इथे काही लिहिणार नाही, कारण समोरच्यांचं घरही याच शहरात आहे. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, आम्ही हायकोर्टात अपील केलं, ते ॲडमिट झालं, म्हणजे ऐकायला घेतलं, आणि तिथेच थांबलं. सहा वर्षं झाली, बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या यादीत, काही येत नाही. मधल्या काळात शिक्षा स्थगित करून जामिनावर सोडावं म्हणून दोन अर्ज झाले. दोन्ही वेळा भाऊ आतच राहिला. आता वकीलसाहेब म्हणतात तिसरा टाकू. फी पहिल्याइतकीच. आईने पाटल्या काढून रुमालात बांधून ठेवल्यात.

मला विचारायचंय ते एवढंच. एकदा नाही म्हटल्यावर कोर्ट तोच अर्ज पुन्हा ऐकतं का? त्याला काही मर्यादा आहे का? आणि सारखं सारखं गेल्याने अपिलावरच वाईट परिणाम होईल का?

माझं मत विचाराल तर माणूस आत असेपर्यंत त्याला दार ठोठावू द्यावं. किती वेळा ठोठावलं ते मोजू नये. पण हे बहीण म्हणून बोलतेय की न्यायाचं बोलतेय, ते माझं मलाच कळेनासं झालंय.

पेठरोडकर | सोमवार, रात्री १०.०५

ताई, धीर धरा. कायद्यातलं कळत नाही, पण वाचतोय.

सीबीएससमोरचा वकील | सोमवार, रात्री ११.२०

ताई, आधी एक गुंता सोडवू. निकालानंतरचे सगळे अर्ज आपण एकाच पिशवीत टाकतो, पण प्रत्येकाचं दार वेगळं आणि नियमही वेगळे.

अपील एकदाच. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर हायकोर्टात ६० दिवसांत, फाशी असेल तर ३० दिवसांत. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडायचा. निकालावर एकदा सही झाली की त्याच कोर्टाला तो फिरवता येत नाही, लिहिण्यातली किंवा आकडेमोडीतली चूक तेवढी दुरुस्त होते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३६२ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं ४०३ झालं. रिव्हिजनचंही (खालच्या कोर्टाचा आदेश वरच्या कोर्टाने तपासण्याचंही) तसंच, एका माणसाला दुसरं रिव्हिजन करता येत नाही (जुनं ३९७(३), नवं ४३८(३)). मग लोक हायकोर्टाच्या अंगभूत अधिकारांचा आधार घेऊन येतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितलंय की हे दुसऱ्या रिव्हिजनचं चोरदार नव्हे, उघड अन्याय दिसत असेल तरच तो अधिकार वापरायचा.

सर्वोच्च न्यायालयात पुनर्विलोकन अर्ज, म्हणजे आपलाच निकाल पुन्हा तपासा ही विनंती, ३० दिवसांत आणि एकदाच. तो बहुतेक वेळा न्यायमूर्ती आपल्या दालनात कागदावरच निकाली काढतात. त्यापुढे क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे पुनर्विलोकनही फेटाळल्यावरचा अगदी शेवटचा उपाय. ही वाट २००२ च्या हुर्रा निकालाने उघडली. तिला ज्येष्ठ वकिलाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ती यशस्वी होणं फार दुर्मीळ.

तुमचा अर्ज यातल्या कशातच बसत नाही. अपील चालू असताना शिक्षा स्थगित करा ही अंतरिम मागणी आहे (जुनं ३८९, नवं ४३०). तिला 'दोनदाच' किंवा 'तीनदाच' अशी मर्यादा कायद्यात कुठेही नाही. मात्र कोर्ट पहिला प्रश्न विचारणारच, मागच्या वेळेपासून बदललं काय? आणि जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशाच्या एका जामीन प्रकरणात बजावलंय की आधीच्या प्रत्येक अर्जाची आणि आदेशाची माहिती नव्या अर्जात द्यायची. लपवलं तर तेच अंगाशी येतं.

तेव्हा माझा प्रश्न तुम्हाला. दोन्ही आदेशांच्या नकला तुम्ही स्वतः वाचल्यात का?

शिरस्तेदार काका (निवृत्त) | मंगळवार, सकाळी ६.४०

वकीलसाहेबांनी नेमकं बोट ठेवलं. कोर्टात माझी एकतीस वर्षं गेली. फाइल हातात आली की पहिलं पान बघून मला कळायचं की दुसरा अर्ज आहे की पहिलाच पुन्हा टाइप केलाय. मजकूर तोच, स्वल्पविराम तोच, पानाच्या खालची टायपाची चूकसुद्धा तीच, तारीख फक्त नवी. असा कागद पुढे आला की माणसाचं दुखणं खरं असलं तरी ते दिसत नाही हो. साहेब दोन मिनिटांत बाजूला ठेवायचे, आणि दाराशी उभ्या बायाबापड्यांना वाटायचं आपलं ऐकलंच नाही.

दोष अर्ज करणाऱ्याचा नसायचा. त्याने पैसे दिलेले असायचे.

आडगाव शिवार | मंगळवार, सकाळी ९.१५

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. ताई, तुमच्या प्रकरणाशी माझा संबंध नाही, तेव्हा गैरसमज नको. माझा थोरला भाऊ मारला गेला. आरोपींना शिक्षा झाली. तेव्हापासून स्थगितीचे अर्ज, रजेचे अर्ज, पुन्हा स्थगितीचे अर्ज. दर वेळी हवालदार नोटीस घेऊन दारात येतो. वहिनी सही करते आणि दोन दिवस जेवत नाही. पोरगा आता दहावीला आहे. बापाचं नाव त्याने शाळेच्या दाखल्यापेक्षा नोटिशीवर जास्त वेळा वाचलं असेल.

'मोजू नये' म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे मोजलं जातं. अकरा वेळा. कायद्याने कुठेतरी म्हणायला हवं की आता झालं, या घरालाही झोपू द्या.

गोदाकाठची ताई | मंगळवार, सकाळी ९.४०

दादा, तुमचं वाचून हात थांबला. उत्तर नाही माझ्याकडे. आमच्या अर्जाची नोटीसही अशीच कुणाच्या तरी दारात गेली असणार. तो विचार मी आजवर केला नव्हता.

जुनं नाशिक | मंगळवार, दुपारी १.३०

आडगावचे दादा, तुमच्या दुःखापुढे वाद घालायचा नाही. तरी एक प्रकरण मांडतो, कारण ते आपल्याच नाशिकचं आहे आणि इथल्याच लोकांना माहीत नसतं.

२००३ साली नाशिकमध्ये दरोडा, बलात्कार आणि एका कुटुंबाच्या घरात पाच खून असं भयंकर प्रकरण झालं. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही जन्मठेप काढून पुन्हा फाशी दिली. पुनर्विलोकन अर्ज केला, तोही फेटाळला गेला. नियमाने तिथे पडदा पडायला हवा होता, कारण दुसरं पुनर्विलोकन नाही.

पण २०१४ मध्ये लाल किल्ला हल्ल्यातल्या आरिफच्या प्रकरणात घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणात पुनर्विलोकन बंद दालनात नको, खुल्या कोर्टात अर्धा तास तरी ऐकायचं. ज्यांचे अर्ज आधी फेटाळले गेले पण फाशी झालेली नाही, त्यांनाही पुन्हा उघडायची संधी दिली. त्यातून या सहा जणांची फाइल परत उघडली. ऑक्टोबर २०१८ मध्ये २००९ चा निकाल मागे घेतला गेला आणि ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष सुटले. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांच्या अल्बममधून दुसऱ्याच चौघांचे फोटो ओळखले होते, आणि त्या चौघांचा माग कुणी नीट काढलाच नव्हता. प्रत्येकी पाच लाख भरपाई द्या म्हणून कोर्टाने सरकारला सांगितलं. सोळा वर्षं आत काढल्यावर. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

'आता झालं' हे २००९ ला म्हटलं असतं तर सहा निरपराध माणसं फासावर गेली असती. आणि खरे गुन्हेगार मोकळे राहिले, म्हणजे त्या पीडित कुटुंबालाही न्याय मिळालाच नाही.

मेनरोड | मंगळवार, दुपारी १.५५

हे खरंच माहीत नव्हतं. माझा जन्म नाशिकचा असून.

सिन्नरफाटा | मंगळवार, दुपारी २.४०

दुसरं टोकही बघा. निर्भया प्रकरणात चार दोषी, आणि प्रत्येकाने आपापला अर्ज वेगवेगळ्या दिवशी सोडला. एकाचं क्युरेटिव्ह, मग दुसऱ्याचा दयेचा अर्ज, मग तिसऱ्याचं काही. २२ जानेवारी, १ फेब्रुवारी, ३ मार्च, तीन तारखा पुढे गेल्या, तेव्हा २० मार्च २०२० ला पहाटे शिक्षा अमलात आली. मुलीची आई दर तारखेला कोर्टाबाहेर उभी. दिल्ली हायकोर्टाला शेवटी सांगावं लागलं की उरलेले सगळे उपाय एका आठवड्यात करा. याला दार ठोठावणं म्हणायचं का?

सीबीएससमोरचा वकील | मंगळवार, रात्री ८.३०

सिन्नरफाटा, नव्या संहितेच्या कलम ४७२ मध्ये तो मार्ग बराच अरुंद झालाय. फाशीच्या कैद्याने दयेचा अर्ज ३० दिवसांत करायचा. राज्यपालांकडे केला आणि फेटाळला गेला तर राष्ट्रपतींकडे ६० दिवसांत. एकाच प्रकरणात अनेक दोषी असतील तर सगळ्यांचे अर्ज मुदतीत होतील हे तुरुंग अधीक्षकांनी बघायचं. मला हे पटतं. अर्ज तुकड्यातुकड्यांनी करून वेळ काढणं आणि नवं काही सापडलं म्हणून येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला तारखेची वेसण घालावी. दुसऱ्याला घातली तर जुनं नाशिक यांनी सांगितलेलं प्रकरण घडतं.

आडगावचे दादा, तुमच्यासाठी एक. लखीमपूर प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की पीडिताच्या बाजूला प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेतलं पाहिजे. नोटिशीवर फक्त सही करायची असं नाही. वहिनींना आपलं म्हणणं लेखी देता येतं, वकिलामार्फत उभंही राहता येतं.

ह्यूस्टनहून मूळची देवळालीची | बुधवार, पहाटे ५.१०

इथल्या बातम्या सतत वाचते म्हणून लिहितेय. अमेरिकेत हा प्रश्न कायद्यानेच आकड्यांत बांधलाय. ओक्लाहोमा सिटीचा बॉम्बस्फोट १९९५ मध्ये झाला, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये क्लिंटन यांनी एका कायद्यावर सही केली. त्यानुसार राज्याच्या तुरुंगातल्या कैद्याने फेडरल (केंद्राच्या) कोर्टात हेबियसचा अर्ज, म्हणजे आपली कैद बेकायदा आहे असा अर्ज, करायचा तर साधारण एक वर्षाची मुदत. दुसरा अर्ज करायचा तर आधी अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांची परवानगी. पहिल्या अर्जात मांडलेला मुद्दा पुन्हा मांडला तर तो सरळ फेटाळायचा. नवा मुद्दा असेल तर एक तर सुप्रीम कोर्टाने जुन्या खटल्यांनाही लागू होणारा नवा घटनात्मक नियम सांगितलेला हवा, नाही तर आधी शोधूनही सापडला नसता असा पुरावा हवा, आणि तोही इतका ठाम की त्याच्यापुढे कुणी दोषी ठरवलंच नसतं.

ऐकायला शिस्तीचं वाटतं. पण पहिला अर्ज बरेच कैदी वकिलाशिवाय, तुरुंगाच्या लायब्ररीत बसून, हाताने लिहितात. आयुष्यातली एकच संधी, आणि ती अशी खर्च होते. टेक्सासने २०१३ मध्ये निदान एक खिडकी उघडली. शास्त्र बदललं आणि तेव्हाचा तज्ज्ञांचा पुरावा आज टिकत नसेल, तर त्या कारणावर राज्याच्या कोर्टात पुन्हा जाता येतं.

गोदाकाठची ताई, मोजायचंच तर कोर्टाने अर्ज मोजू नयेत, त्यातली नवी कारणं मोजावीत.

शिरस्तेदार काका (निवृत्त) | बुधवार, सकाळी ६.३०

शेवटचं वाक्य लाख मोलाचं, बाळ. देवळालीत कुठे?

ह्यूस्टनहून मूळची देवळालीची | बुधवार, सकाळी ७.०५

लॅम रोडला, काका. हिवाळ्यात धुकं पडलं की इथेही आठवतं.

पंचवटी एक्सप्रेसचा पासवाला | बुधवार, सकाळी ७.५०

डब्यातूनच लिहितोय. आमच्या डब्यात रोज दोन-तीन कुटुंबं हायकोर्टाला निघालेली असतात. मांडीवर साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, आत कागद. विचारलं की सांगतात, "तारीख आहे." संध्याकाळी त्याच गाडीने परत. विचारलं की सांगतात, "बोर्डावर होतं, पण पोचलंच नाही." कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच झालं, तिकडच्या लोकांची पायपीट वाचली. नाशिकवाल्यांना मात्र अजून मुंबईच. अर्ज वारंवार का होतात त्याचं एक कारण मला वाटतं हेच आहे. अपील ऐकलं गेलं असतं तर कशाला कोण तीन-तीनदा स्थगिती मागेल?

पेठरोडकर | बुधवार, सकाळी ८.२०

+१. मूळ दुखणं हेच.

आतला मास्तर | बुधवार, रात्री ९.१०

मी काही वर्षं तुरुंगात जाऊन बंद्यांना शिकवायचो. कुठल्या ते नको. तिथल्या एका गोष्टीबद्दल लिहितो.

गणपतीच्या आधी नाशिकरोडला बंदी शाडूच्या मूर्ती करतात हे तुम्हाला माहीत आहे. आतल्या लोकांचं दुसरं काम कुणी बघत नाही, ते म्हणजे कागद जपणं. प्रत्येकाकडे एक घडी घातलेला कागद असतो. घामाने मऊ झालेला, घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. कुणाला वाचता येत नाही, कुणाला इंग्रजी येत नाही. माझ्यापुढे धरून विचारायचे, "मास्तर, यात काय लिवलंय?" मी वाचून सांगायचो. एकाला वाटत होतं आपलं अपील फेटाळलं, आणि तो चार वर्षं गप्प बसला होता. कागदात होतं, पेपरबुक (अपिलाच्या कागदांची बांधीव प्रत) तयार नाही म्हणून पुढची तारीख.

पुण्यातल्या १९९४ च्या खून प्रकरणातला नारायण चौधरी आठवतो का कुणाला? फाशी झाली, अपील गेलं, पुनर्विलोकन गेलं. राजस्थानातल्या शाळेच्या रजिस्टरात त्याचं नाव निरानाराम असं होतं. त्या जन्मतारखेवरून मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो अवघा बारा वर्षांचा होता. अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ आत काढून तो सुटला. बालन्याय कायद्यात स्पष्ट लिहिलंय की अल्पवयीन असल्याचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर, प्रकरण कायमचं संपल्यावरसुद्धा मांडता येतो. त्या एका वाक्याने माणूस वाचला. मर्यादा घालणाऱ्यांनी असं वाक्य कुठे कुठे ठेवायचं याचा विचार करावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

ताई, आदेशाचा कागद वाचा. दुसऱ्याने काय सांगितलं त्यावर जाऊ नका.

गोदाकाठची ताई | शुक्रवार, रात्री १०.४५

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचं वाचल्यावर त्या रात्री झोप लागली नाही.

भाच्याने हायकोर्टाच्या संकेतस्थळावर केस नंबर टाकून दोन्ही आदेश काढून दिले. सहा वर्षांत मी ते पहिल्यांदा बघितले. पहिला अर्धा पान आहे. पुरावा बघता स्थगिती देता येत नाही, अर्ज फेटाळला. दुसरा चारच ओळींचा. शब्दकोश घेऊन बसले, मग शेजारच्या कॉलेजच्या मॅडमना दाखवला. त्यात 'फेटाळला' असं नाहीच. अर्ज मागे घेण्याची परवानगी दिली, आणि एका वर्षात अपिलाची सुनावणी झाली नाही तर पुन्हा अर्ज करण्याची मुभा ठेवली.

ते वर्ष संपून दोन वर्षं होऊन गेली.

आम्हाला कुणी सांगितलं नाही. "नाही झालं" एवढंच फोनवर ऐकलं. भाऊही आत तेच समजून बसलाय. मी चिडून लिहीत नाहीये, पण आईच्या पाटल्या आणि ती दोन वर्षं डोळ्यासमोरून जात नाहीत.

सीबीएससमोरचा वकील | शुक्रवार, रात्री ११.१५

ताई, मग हा तिसरा अर्ज नव्हेच. कोर्टाने स्वतःच उघडं ठेवलेलं दार आहे हे. अर्जाच्या पहिल्याच पानावर दोन्ही आदेश तारखेसह लिहायला सांगा आणि दुसऱ्या आदेशातली ती ओळ जशीच्या तशी घ्या. जुना मजकूर पुन्हा टाइप करू देऊ नका, शिरस्तेदार काकांनी सांगितलंय ते शंभर टक्के खरं आहे. आणि सोबत अपील लवकर ऐकावं असा वेगळा अर्ज द्या. खरा निकाल तिथेच लागणार.

फीचं म्हणाल तर, कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्यात आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. तुरुंगातूनच अर्ज जातो, किंवा विधी सेवेच्या १५१०० या नंबरवर फोन करा. आधीच्या वकिलांकडून कागद आणि ना हरकत घ्या, भांडण करू नका. वेळ त्यात जातो.

आडगाव शिवार | शनिवार, सकाळी ८.००

ताई, माझं मत बदललेलं नाही. आमच्या अकरा नोटिशींपैकी नऊमध्ये नवं काहीच नव्हतं, हे आता आमच्या वकिलांना विचारून खात्री करून घेतलं. त्या नऊ वेळा वहिनीला उगाच जाळलं. ते थांबलंच पाहिजे.

पण तुमचा कागद वेगळा आहे. तो तुम्ही करा. समोरच्या घरी नोटीस जाईल तेव्हा अर्जात नवं काय ते पहिल्याच पानावर असू द्या, म्हणजे त्यांना कशाला उत्तर द्यायचं ते तरी कळेल.

गोदाकाठची ताई | शनिवार, सकाळी ८.३५

दादा, तसंच लिहायला सांगते. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

गोदाकाठची ताई | गुरुवार, सायंकाळी ६.२०

धागा वर काढतेय. आज मुलाखत होती. काचेपलीकडे भाऊ, मधे फोन. आदेशाची प्रिंट काचेला लावून धरली. त्याने फोन खाली ठेवला आणि ओळीवर बोट फिरवत वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वेळ संपल्याची हाक आली तेव्हा एवढंच म्हणाला, "मग मला फेटाळलं नव्हतं."

विधी सेवेचा अर्ज त्याने आतून दिलाय. वकीलसाहेब, एक विचारायचं राहिलं. तो दोनदा संचित रजेवर (फर्लोवर) घरी आला आणि दोन्ही वेळा मुदतीत हजर झाला. त्याचा कागद कुठून घ्यायचा?

सीबीएससमोरचा वकील | गुरुवार, सायंकाळी ७.०५

तुरुंग अधीक्षकांच्या नावाने साधा अर्ज करा. वर्तणुकीचा अहवाल आणि रजेच्या तारखांसह नॉमिनल रोल (तुरुंगातला कैद्याचा नोंदतक्ता) मागा. पोच घ्यायला विसरू नका.